अण्णांच्या टेबलांची उंची

आमच्याकडे जेवणाला सुरुवात व्हायची ती अण्णांनी "घ्या" म्हटल्यावर. रोज नव्हे. रोज जो तो आपल्या वेळेला ताट घेऊन टीव्हीसमोर बसतो आणि माझ्या वडिलांना विचारायला कोणी थांबत नाही. पण बुद्धपौर्णिमेला सगळं गोत जमतं. वंदना होते, ताटं मांडली जातात, वाट्यांत खीर पडते आणि मग पोराबाळांसकट सगळे हात मांडीवर ठेवून अण्णांकडे बघत बसतात. अण्णा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवायचे, कोणी उभं राहिलेलं नाही ना एवढं बघायचे आणि म्हणायचे, "घ्या." भाषण संपलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदमच गेली. समजतं सगळं. पेपर वाचतात, सिरियलमधल्या बायकांवर वैतागतात, माझ्यावर तर रोजच रागावतात. फक्त शब्द तोंडापर्यंत येऊन अडकतो. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येऊ लागल्या तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठल्या शब्दांपासून सुरुवात करू या?" आई म्हणाली, "पाणी." मी म्हणाले, "घ्या." बाईंनी माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं. त्यांना वाटलं असणार, मुलगी बापाला दुकानदार करायला निघाली आहे.

पाणी महिन्याभरात आलं. "घ्या"ला पाच महिने लागले. ऑफिसला निघायच्या आधी रोज दहा मिनिटं मी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसायचे. मी घ्या म्हणायचे, ते ग म्हणायचे. मी पुन्हा घ्या म्हणायचे, ते तोंड फिरवायचे. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात उशीर होत असायचा, त्यामुळे कधीकधी मी त्यांच्यावर ओरडायचे आणि दिवसभर ऑफिसात स्वतःला शिव्या देत बसायचे. एप्रिलच्या शेवटी एका सकाळी तो शब्द आला. आईनं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि गॅस बंद करून बाहेर आली. मी तेव्हाच ठरवलं, या पौर्णिमेला नव्या घरात सगळ्यांना बोलवायचं. बावीस माणसं, एक रांग आणि शेवटी अण्णांचा तो शब्द. दुसरं काही मला नको होतं.

प्रश्न फक्त टेबलांचा होता.

अण्णा भांडुपच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंड ओतायचा साचा करायचा तर आधी त्या वस्तूचा लाकडात हुबेहूब नमुना करावा लागतो. तो करणारा कारागीर. त्यांचं सगळं आयुष्य सुतात गेलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या घरात मीठसुद्धा दोन सूत जास्त व्हायचं आणि माझा भांग अर्धा सूत वाकडा असायचा. आई म्हणायची, या माणसाशी संसार करायचा म्हणजे रोज पट्टीखाली उभं राहायचं.

मी दुसरीत असताना आजी गाव सोडून कायमची आमच्याकडे आली आणि त्याच वर्षी अण्णांनी चार टेबलं केली. मुलुंडच्या जुन्या बिल्डिंगमध्ये आमची एक खोली आणि एक स्वयंपाकघर, तिथं टेबल ठेवायला जागा कुठली? म्हणून घडीची. प्रत्येक टेबल सहा फूट लांब, दोन फूट रुंद, वर प्लाय, खाली सागवानी पट्टी आणि बिजागरीवर आत वळणारे पाय. एरवी ती कपाटामागे भिंतीला चिकटून उभी असायची. पौर्णिमेला ती निघायची आणि स्वयंपाकघरातून खोलीत, खोलीतून दार ओलांडून बाहेरच्या गॅलरीत अशी एक सलग रांग व्हायची. जोडावर बोट फिरवलं तर कळायचं नाही की इथं एक टेबल संपलं आणि दुसरं सुरू झालं. शेजारी म्हणायचे, तुमच्याकडे जेवण असतं की मीटिंग?

नियम दोनच होते. सगळ्यांनी एका वेळी बसायचं आणि कोणीही उभं राहून वाढायचं नाही. पातेली टेबलावर ठेवायची, ज्याला जे हवं त्यानं ते पुढे सरकवून घ्यायचं. आई, काकू, आत्या सगळ्या बसायच्या. परिणामी आमच्याकडे पौर्णिमेची भाकरी थंडगार असायची. मैत्रिणींकडे सणाला तव्यावरची पोळी ताटात पडायची आणि मी मात्र तत्त्वापायी वातड भाकरी चावत बसलेली. कॉलेजात गेल्यावर एकदा मी चिडून म्हणाले, "अण्णा, निदान दोन बायकांनी मागून बसलं तर काय बिघडेल? गरम तरी मिळेल."

तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं. एकदाच, पुन्हा कधी नाही. ते आठ वर्षांचे होते, आत्या सहा वर्षांची. गावातल्या मोठ्या घरी लग्न होतं आणि आमच्या घरातली सगळी माणसं तिथं चार दिवस राबत होती. जेवणं सकाळपासून चालू होती. ओट्यावर पंगती उठत होत्या आणि बसत होत्या. यांना बोलावणं आलं ते दिवेलागणीला, गोठ्यापाशी, खाली जमिनीवर. वाढणारा वाकत नव्हता. उभ्यानं, वरून टाकत होता. "भात पत्रावळीत कमी आणि मातीत जास्त पडला," अण्णा म्हणाले. "आत्या तुझी मातीतला वेचून खात होती. मी तिच्या हातावर चापट मारली." मग म्हणाले, "ती चापट मारायला नको होती." त्यानंतर मी भाकरीबद्दल कधी बोलले नाही.

जुनी बिल्डिंग पाडायला गेली तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात गेलो आणि टेबलं गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवली. त्यातच अण्णांचा झटका, हॉस्पिटल, फिजिओथेरपी. पावसानं त्यातली दोन फुगली. एका दुपारी घरमालकाचा फोन आला की गच्ची मोकळी करा. मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी होते, हातात औषधांची चिठ्ठी होती. मी म्हणाले, भंगारवाल्याला देऊन टाका. उरलेली दोन माझा भाऊ त्याच्या चारकोपच्या घरी घेऊन गेला म्हणून वाचली. अण्णांना हे मी दीड वर्ष सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मला वाटलं, झोप लागली असेल. असं वाटून घेणं सोयीचं असतं.

तर दोन टेबलं हवी होती. भावाच्या ओळखीचा एक सुतार चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होता, त्याच्याकडे मी एका रविवारी गेले. त्याच्याकडे ऑफिसांच्या पार्टिशनचं काम चालू होतं आणि गाळ्यात भुसा उडत होता. मी चार टेबलांची गोष्ट सांगितली. तो ऐकून घेत होता, पण नजर मशिनवर होती.

"मॅडम, घडीचं टेबल लाकडात आता कोण बनवतो?" तो म्हणाला. "जड होतं, बिजागरी सैल पडते. रेडीमेड घ्या ना, प्लास्टिकचं. झकास येतं. सुटकेससारखं बंद होतं."

"मला असंच हवंय."

"मग गणपतीनंतर या."

पौर्णिमा बारा दिवसांवर होती. मी घाटकोपरला दोन दुकानं पालथी घातली. एकात गोल टेबल होतं, दुसऱ्यात चार फुटी. शेवटी हात टेकले आणि तीच प्लास्टिकची दोन फोनवरून मागवली. मागवण्याआधी भावाला फोन करून म्हटलं, "तुझ्याकडच्या टेबलाचं माप घे."

"सहा बाय दोन," तो म्हणाला. "ताई, तुला पाठ आहे की."

मला पाठ होतंच. टेबलाचं माप म्हणजे लांबी आणि रुंदी. दुसरं काही मोजायचं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. पॅटर्नमेकरची मुलगी मी.

संध्याकाळी मी फोनवरचा फोटो अण्णांना दाखवला. पांढरंशुभ्र टेबल, लोखंडी पाय, सहा बाय दोन. त्यांनी बराच वेळ पाहिलं. डावा हात जमिनीपासून वर नेला, हवेत थांबवला आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. ते उंची विचारत होते. मला कळलं होतं, न कळायला काय झालं? पण मला डबे घासायचे होते, दुसऱ्या दिवशीची भाजी चिरायची होती. मी म्हणाले, "अण्णा, स्टँडर्ड असते हो ती. सगळीकडे सारखीच." त्यांचा हात थोडा वेळ हवेतच राहिला.

टेबलं आली. एक उघडून मी हॉलमध्ये लावून पाहिलं, त्यावर चहा प्यायले, खूश झाले आणि मिटून पलंगाखाली सरकवलं. नव्या घराचा हॉल आणि स्वयंपाकघर यांत भिंत नाही. खिडकीपासून ओट्यापर्यंत मी टेपनं मोजलं. चोवीस फुटांची रांग बसत होती आणि वर चार बोटं उरत होती. त्या चार बोटांचा मला किती अभिमान वाटला.

पौर्णिमेच्या सकाळी दहा वाजता भाऊ टेम्पोतून जुनी दोन टेबलं घेऊन आला. एव्हाना माणसं यायला लागली होती. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, पोरांचा गोंधळ, कुकरच्या शिट्ट्या. आत्या आदल्या दिवशीच गावाहून आली होती आणि पदर खोचून खिरीपाशी बसली होती. भावानं जुनी टेबलं ओट्याच्या बाजूला लावली, मी नवी खिडकीच्या बाजूला लावली आणि दोघांनी मिळून ती एकमेकांना भिडवली.

मध्ये पायरी होती.

जुनी खाली, नवी वर. भावानं वाकून पाहिलं, पाय नीट उघडलेत का बघितलं, ठोकून पाहिले. मी टेप आणला. नवं एकोणतीस इंच, जुनं सत्तावीस.

"असं कसं?" मी म्हणाले. "टेबल सगळीकडे सारखंच असतं ना?"

आई ओट्यापाशी कांदा चिरत होती. मागे न बघता ती म्हणाली, "आजीच्या कोपराचं माप आहे ते. तिला खुर्चीची सवय नव्हती. पहिल्यांदा टेबलाशी बसवलं तर ताट तिच्या हनुवटीला लागायला लागलं. मग ह्यांनी तिला खुर्चीत बसवून कोपरापर्यंत मोजलं आणि तेवढंच टेबल केलं."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कधी?"

मी विचारलं नव्हतं. उलट ज्यांनी विचारलं त्यांना गप्प केलं होतं.

पुढचा दीड तास आम्ही जे केलं ते आठवलं की मला अजून घाम येतो. भाऊ खाली जाऊन वॉचमनकडून विटा घेऊन आला. विटांवर जुनी टेबलं नव्यापेक्षा इंचभर वर गेली. विटा काढून माझ्या जुन्या जाडजूड वह्या पायांखाली घातल्या. उंची तंतोतंत जमली. मग भावाच्या मुलीनं टेबलावर कोपर टेकलं, एक वही सरकली, टेबल कलंडलं आणि वरणाचं पातेलं थोडक्यात वाचलं. नव्याचे पाय कापावेत तर ते पाइपचे आणि खाली आडवी दांडी. भावानं सुताराला फोन लावला. "कापू नका, लॉकच बसणार नाही," तो म्हणाला. त्याच्यामागे मशिनचा आवाज येत होता. "दोन इंचांनी काय होतं साहेब? वर चादर टाका."

भावालाही तेच वाटत होतं. खरं सांगते, त्या क्षणी मलाही तेच वाटत होतं. बाराचे साडेबारा झाले होते, पोरं भुकेनं किरकिर करत होती आणि ती पायरी मला दिसेनाशी झाली होती. मी पांढरी चादर टाकली. चादर त्या जागी मोडली, पण टाकली.

वंदना झाली. अण्णांना मी आतून व्हीलचेअरवर आणलं. त्यांना पांढरा सदरा घातला होता, उजवीकडे कलू नयेत म्हणून त्या बाजूला उशी कोंबली होती. साध्या खुर्चीत ते बसू शकत नाहीत, घसरतात. मी खुर्ची त्यांच्या टेबलापाशी न्यायला लागले. त्यांच्या म्हणजे त्यांनी केलेल्या. खुर्चीचे हात काढले तरी गुडघे टेबलाखालच्या सागवानी पट्टीला आपटले. ती पट्टी त्यांनीच लावलेली. मी खुर्ची मागे घेतली, पुन्हा पुढे नेली, तिरकी करून पाहिली. शेवटी खिडकीकडच्या नव्या टेबलाशी नेली तर तिथं गुडघे सहज आत गेले.

आणि तोवर माणसं बसली होती. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. पण पंखा हॉलमध्ये आहे, म्हणून पुरुष नव्या टेबलांशी बसले होते. बायका ओट्याजवळ, म्हणजे खालच्या टेबलांशी. पोरं त्यांच्याबरोबर. आत्या अगदी शेवटी, ओट्याला पाठ लावून. अण्णांच्या जागेवरून पाहिलं तर चादरीतली ती मोड आणि तिच्यापलीकडे सगळ्या बायका दोन इंच खाली.

ताटं वाढून झाली. सगळ्यांनी हात मांडीवर ठेवले. मी अण्णांच्या शेजारी स्टुलावर टेकले होते. त्यांनी या टोकापासून बघायला सुरुवात केली. नजर चादरीच्या मोडीवर आली आणि तिथंच थांबली. त्यांनी डावा हात लांब केला, पण पोहोचला नाही. मग स्वतःच चाक ढकलून एक फूट पुढे गेले, ताटांमधून हात घातला आणि जोडावर अंगठा ठेवला. अंगठ्याचं एक पेर, मग दुसरं पेर. असंच ते लाकूड मोजायचे, टेप जवळ नसला की.

"दोन इंच," अण्णा म्हणाले.

हे शब्द आम्ही कधी घोटले नव्हते. बाईंच्या वहीत ते नव्हते. इतके स्वच्छ आले की भावाची बायको रडायला लागली आणि कोणीतरी टाळी वाजवली. टाळी वाजवणाऱ्याला काय माहीत?

"हो अण्णा, जरा वर-खाली झालंय," भाऊ म्हणाला. "पुढच्या वेळी नीट करू. तुम्ही घ्या म्हणा."

अण्णांनी मान हलवली. नाही.

"अण्णा, पोरांना भूक लागलीय हो."

नाही.

"अहो, गार होतंय सगळं," आई म्हणाली आणि हे तिच्या तोंडून ऐकून मला अशा वेळीसुद्धा हसू आलं. आमच्याकडे गरम कधी होतं?

मी त्यांच्यापुढे वाकले. पाच महिने ज्या आवाजात शिकवलं त्याच आवाजात म्हणाले, "अण्णा, घ्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. ते फक्त वाट बघत होते की ही काहीतरी करेल. चार टेबलं करणारा माणूस माझ्याकडे बघत होता. फक्त जुनी टेबलं ठेवली तर त्यांना बसता येत नव्हतं. फक्त नवी ठेवली तर सगळे मावत नव्हते. दोन्ही ठेवली तर ती पायरी होती. मला रडू येत होतं आणि रडू येऊ लागलं की मी आवाज चढवते.

"मग दोन पंगती करू," मी म्हणाले. "नव्या टेबलांवर मावतील तेवढे आधी बसा, उरलेले नंतर. झालं?"

बोलून झाल्यावर मला ऐकू आलं मी काय बोलले ते. आईनं चमचा खाली ठेवला. भाऊ माझ्याकडे न बघता उठला, ताटं उचलली आणि जुन्या टेबलांचे पाय आत वळवू लागला. बिजागऱ्या अजून इतक्या नीट होत्या की आवाजही झाला नाही. त्यानं दोन्ही टेबलं भिंतीला टेकवून उभी केली. लोक सरकू लागले, पोरं मांडीवर घेतली, अठरा जण कसेबसे दाटीवाटीनं बसले.

"अण्णा, तुमची जागा आहे तीच ठेवू," मी म्हणाले.

त्यांनी डाव्या हातानं ब्रेक काढला. खुर्ची मागे घेतली, एका हातानं घेतात तशी, अर्धी वळत, पुन्हा सरळ करत. खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून थांबले. आत्या ओट्यापासून उठली, गुडघ्यावर हात ठेवत चालत आली आणि त्यांच्याशेजारी स्टूल ओढून बसली.

"आत्या, तू तरी बस ना इथं," मी म्हणाले. "कधीची भुकेली आहेस."

"राहू दे गं बाई," आत्या म्हणाली. अगदी हसत म्हणाली, मला बरं वाटावं म्हणून. "आम्हा दोघाला शेवटी जेवायची सवय हाय."

अण्णांची पाठ हलली नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. बाहेर बराच वेळ कोणी जेवायला लागलं नाही. सवय ती सवय, सगळे त्या पाठीकडे बघत शब्दाची वाट पाहत होते. शेवटी भाऊ म्हणाला, "चला, सुरू करा." भांड्यांचा आवाज सुरू झाला. वाढायला मी आणि आई उभ्या राहिलो. त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा पौर्णिमेची भाकरी गरम होती आणि दोघातिघांनी तसं बोलूनही दाखवलं.

ते उठल्यावर मी टेबल पुसलं. पांढऱ्या प्लास्टिकवर हळदीचे डाग पडले होते, ते निघेनात. चार ताटं मांडली. अण्णांना आणलं, त्यांच्या डावीकडे आत्या, समोर आई. मी उजवीकडे बसले. आता सगळं एका उंचीचं होतं आणि कोणी उभं नव्हतं.

आत्या आजीवर गेली आहे, बुटकी. टेबल तिच्या छातीपर्यंत येत होतं. भाकरी मोडायला तिला कोपरं पंखासारखी वर उचलावी लागत होती. ती तशीच मोडत राहिली. अण्णा तिच्या कोपराकडे बघत होते. मी म्हणाले, "थांब आत्या, उशी आणते," आणि उठणार तेवढ्यात अण्णांनी डावा हात अंगावरून पलीकडे नेला, स्वतःच्या उजव्या बाजूची उशी ओढून काढली आणि तिच्यापुढे धरली.

"आन तू कसा बसशील?" आत्या म्हणाली.

त्यांनी उशी तशीच धरून ठेवली. ती घेईपर्यंत धरली. आत्या उशीवर बसली, कोपरं खाली आली. अण्णा उजवीकडे कलू लागले. मी माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला चिकटवली आणि माझा दंड त्यांच्या दंडाला लावून ठेवला. त्यांचं सगळं वजन माझ्या अंगावर आलं. माझा डावा हात त्यात अडकला, उजव्या हातानं मी त्यांचं ताट जवळ ओढलं. खिरीवर साय धरली होती.

त्यांनी एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. माझ्याकडे त्यांना वळता येत नव्हतं.

"घ्या," अण्णा म्हणाले.

स्वच्छ आलं, घ सकट. बाकीचे सगळे तेव्हा आत बेसिनपाशी हात धूत होते.